बर्फावरचे मास्तर, मातीवरचे सर

जून 2008. डेव्हिड कार्ल नावाचा अमेरिकेतला अठरा वर्षांचा मुलगा एका वैद्यकीय तपासणीला गेला आणि त्याचं हॉकी खेळणं तिथेच थांबलं. ही हॉकी बर्फावरची. एनएचएल ही तिथली सर्वांत मोठी व्यावसायिक लीग. तिच्या खेळाडू निवडीआधी मुलांची कसून तपासणी होते. कार्लच्या हृदयाचा स्नायू प्रमाणाबाहेर जाड झालाय, जोरात खेळला तर जिवावर बेतेल, असं त्या तपासणीतून निघालं. टॅम्पा बे लाइटनिंग या संघाने हे माहीत असूनही सातव्या फेरीत त्याचं नाव पुकारलं. तो मान होता, खेळायचं तर नव्हतंच. डेन्व्हर विद्यापीठाने केलं ते मात्र अधिक कामाचं होतं. त्यांनी त्याची कबूल केलेली शिष्यवृत्ती कायम ठेवली आणि तिथले प्रशिक्षक जॉर्ज ग्वोझ्देकी यांनी त्याला विद्यार्थी-सहायक म्हणून आपल्या हाताखाली घेतलं. चार वर्षं त्याने ते काम केलं. मग ग्रीन बे गावच्या कुमार संघात दोन हंगाम सहायक, 2014 साली पुन्हा डेन्व्हरला सहायक आणि 2018 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याच विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक. 2022 आणि 2024 साली डेन्व्हर राष्ट्रीय विजेतं ठरलं. 2024 आणि 2025 साली अमेरिकेच्या वीस वर्षांखालच्या संघाने जागतिक सुवर्णपदक मिळवलं, तेव्हाही प्रशिक्षक कार्लच होता.

संभाजीनगरच्या वाचकाला हे कशाला सांगायचं? बॉस्टन, मिनियापोलिस, डेट्रॉइट या गावांत आता आपल्याकडची बरीच घरं आहेत आणि तिथली नातवंडं कडाक्याच्या थंडीत स्केट्स बांधून रिंकवर जातात, हे एक कारण झालं. माझं कारण वेगळं आहे. कॉलेजच्या संघाला शिकवणं ही आयुष्यभराची कारकीर्द होऊ शकते, तिच्या ठरलेल्या पायऱ्या असतात, उमेदवारी असते, हे या खेळात फार स्वच्छ दिसतं. आपल्याकडे मैदानं कमी आहेत, साहित्य कमी आहे, हे सगळेच बोलतात. या पायऱ्याच नाहीत, याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

आधी खेळाची तोंडओळख. दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद बर्फाची फरशी, भोवती फळ्यांची आणि काचेची भिंत. गोलरक्षक धरून एका बाजूला सहा जण. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती, तिला पक म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. यातली गंमत खेळाडू बदलण्यात आहे. पूर्ण वेगाने स्केटिंग करणारा माणूस पाऊण मिनिटात दमतो, म्हणून तीन-तीन आघाडीवीरांच्या चार तुकड्या आणि बचावपटूंच्या जोड्या आलटून पालटून आत जातात, तेही खेळ चालू असतानाच. बाकामागे उभा राहिलेला प्रशिक्षक संध्याकाळभर हीच जुळवाजुळव करत असतो. समोरच्याची सर्वांत धोकादायक तुकडी आत आली की आपली कोणती सोडायची, कोण थकलाय, कुणाला दोन मिनिटांची शिक्षा होऊन संघात एक माणूस कमी झालाय. आपल्या कबड्डीत चढाईला कुणाला पाठवायचं याचा विचार दोन चढायांमध्ये करता येतो; इथे तेवढीही उसंत नाही.

सामने बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी, त्याच प्रतिस्पर्ध्याशी लागोपाठ. ऑक्टोबरात सुरू झालेला हंगाम एप्रिलमध्ये फ्रोझन फोर या अंतिम चौघांच्या स्पर्धेने संपतो. नियमित हंगामात चौतीसच सामने खेळता येतात, म्हणजे सामन्यांपेक्षा सरावाचे दिवस कितीतरी जास्त. व्यावसायिक संघ ब्याऐंशी सामन्यांमागे धावतात, त्यांना शिकवायला वेळ नसतो. शिकवण्याची हौस असलेला माणूस म्हणूनच कॉलेजात रमतो.

प्रशिक्षकाचे उरलेले दिवस मुलं शोधण्यात जातात. आडगावच्या रिंकवर कॉफीचा पेला धरून सोळा-सतरा वर्षांची पोरं बघायची, त्यांच्या आईवडिलांशी बोलायचं, शिष्यवृत्तीचा हिशेब मांडायचा. या कामाची सुरुवात सहायक करतो आणि त्यातूनच तो तयार होतो. आइस हॉकीत अनेक मुलं बारावीनंतर एक-दोन वर्षं कुमार लीगमध्ये खेळून मग कॉलेजात येतात, त्यामुळे पहिल्या वर्षाला वीस वर्षांचा गडी असणं नवलाचं नाही. 2025 च्या ऑगस्टपासून कॅनडाच्या कुमार लीगमधल्या खेळाडूंनाही अमेरिकी कॉलेजांची दारं उघडली. आधी तिथे खेळलेल्याला व्यावसायिक समजून बाद करत. शिवाय विद्यार्थी आता आपल्या नावावर पैसे कमावू शकतो आणि मनाला आलं तर कॉलेजही बदलू शकतो. शिकवण्यापेक्षा टिकवण्यात जास्त वेळ जातो, अशी जुन्या प्रशिक्षकांची कुरकुर त्यामुळेच.

या पेशातलं सर्वांत गाजलेलं नाव हर्ब ब्रुक्स. मिनेसोटातल्या सेंट पॉलचा. 1960 च्या हिवाळी ऑलिंपिकच्या संघातून त्याला अगदी शेवटी वगळलं आणि तोच संघ सुवर्णपदक घेऊन आला. पुढे 1964 आणि 1968 साली तो ऑलिंपिक खेळला, पण पदक नाही. 1972 साली मिनेसोटा विद्यापीठाने त्याला प्रशिक्षक नेमलं. सात हंगामांत तीन राष्ट्रीय विजेतेपदं आली: 1974, 1976, 1979. त्यातलं पहिलं त्या विद्यापीठाचंही पहिलंच. राज्यातल्याच मुलांवर त्याचा भरवसा होता. 1980 च्या ऑलिंपिकसाठी संघ बांधायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा त्याने कॉलेजात वाढलेली पोरं निवडली आणि सोव्हिएत संघासारखंच जागा बदलत, पास देत खेळायला शिकवलं. सप्टेंबर 1979 मध्ये ओस्लोला नॉर्वेशी बरोबरी झाली. मुलं जीव ओतून खेळली नाहीत, असं त्याचं मत पडलं. सामना संपल्यावर त्याने सगळ्यांना बर्फावरच थांबवलं आणि या रेषेपासून त्या रेषेपर्यंत पळवत ठेवलं; रिंकवाल्यांनी दिवे मालवले तरी पळवणं चालूच. 22 फेब्रुवारी 1980 ला लेक प्लॅसिडमध्ये या पोरांनी सोव्हिएत संघाला 4-3 हरवलं आणि दोन दिवसांनी फिनलंडला हरवून सुवर्ण घेतलं. या विजयावर सिनेमे निघाले. मला त्याहून मोलाची वाटते ती त्याची पुढची एक नोंद. न्यूयॉर्क रेंजर्ससारखा व्यावसायिक संघ सांभाळून झाल्यावर हा माणूस 1986 साली सेंट क्लाउड स्टेट या लहानशा कॉलेजात एका हंगामासाठी गेला आणि तिथल्या हॉकीला वरच्या विभागात नेण्याच्या खटपटीला लागला. ऑलिंपिक विजेत्याला तिथे जाण्यात कमीपणा वाटला नाही, कारण त्या व्यवस्थेत कॉलेजचा प्रशिक्षक म्हणजे खालच्या पायरीवरचा माणूस असं कुणी मानत नाही.

जेरी यॉर्क यांचं उदाहरण दुसऱ्या टोकाचं. 1972 साली सत्ताविशीच्या आतच क्लार्कसनचे प्रशिक्षक, 1979 पासून बोलिंग ग्रीन, 1994 पासून बॉस्टन कॉलेज म्हणजे त्यांचं स्वतःचं कॉलेज. 2022 साली निवृत्त झाले तेव्हा पन्नास हंगाम, 1,123 विजय आणि पाच राष्ट्रीय विजेतेपदं जमा होती. त्याच गावातल्या बॉस्टन विद्यापीठात जॅक पार्कर चाळीस वर्षं एकाच बाकामागे उभे राहिले; 897 विजय. व्यावसायिक संघाकडून बोलावणं आलं तेही नाकारलं. विस्कॉन्सिनमध्ये तर हे घराणंच झालं. बॉब जॉन्सन यांनी तिथे पुरुषांच्या संघाला 1973, 1977 आणि 1981 साली विजेतेपद मिळवून दिलं. त्यांचा मुलगा मार्क 1980 च्या त्या ऑलिंपिक संघात होता, सोव्हिएत संघाविरुद्धच्या चारपैकी दोन गोल त्याचे. तो 2002 सालापासून विस्कॉन्सिनच्या मुलींना शिकवतो आणि 2006 ते 2025 या काळात मुलींनी आठ राष्ट्रीय विजेतेपदं आणली आहेत.

तिथे सगळं गोड आहे असं समजू नये. शॅनन मिलर यांनी मिनेसोटा-डुलुथच्या मुलींना पाच विजेतेपदं मिळवून दिली. 2014 च्या डिसेंबरात पैशाचं कारण सांगून विद्यापीठाने त्यांचा करार पुढे न वाढवण्याचं ठरवलं. त्या न्यायालयात गेल्या. 2018 साली ज्युरीने भेदभाव झाल्याचं मान्य करून सदतीस लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली. पाच विजेतेपदं असलेल्या पुरुष प्रशिक्षकाला असं घालवलं असतं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला नाही वाटत.

भारतात हा खेळ लडाखचा. गोठलेल्या तळ्यांवर, सैनिकांच्या आणि गावकऱ्यांच्या हौशीतून वाढलेला. आंतरराष्ट्रीय महासंघाचं सदस्यत्व 1989 सालचं, पण नैसर्गिक बर्फावर वर्षातले जेमतेम दोन महिने खेळायला मिळतात. डेहराडूनला 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बंदिस्त रिंक बांधलं आणि नंतर कित्येक वर्षं ते बंदच राहिलं. 2025 मध्ये तिथे पुन्हा आंतरराष्ट्रीय स्केटिंग झालं. तरीही भारतीय मुली 2016 साली पहिल्यांदा परदेशी स्पर्धा खेळल्या, 2017 साली बँकॉकला फिलिपाइन्सला हरवून पहिला विजय मिळवला आणि जून 2025 मध्ये अल ऐनला आशिया चषकाचं कांस्य घेऊन आल्या. जिद्दीला तोटा नाही. पण लेहमधल्या एखाद्या मुलीला खेळ संपल्यावर कॉलेजात सहायक प्रशिक्षक व्हायचं असेल, तर तशी जागा कुठल्या कॉलेजात आहे?

आता आपल्याकडे येऊ. 23 ऑगस्ट 1958 ला सुरू झालेल्या आपल्या विद्यापीठाच्या कक्षेत आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे आहेत. विद्यापीठाच्या आवारातच भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं म्हणजे साईचं केंद्र आहे. खडकेश्वरला एम. एस. एम. शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे. तलवारबाजी आणि जिम्नॅस्टिक्समध्ये या शहराचं नाव राज्यात घेतलं जातं. हे दोन्ही खेळ काही आपल्या मातीतले नव्हेत, ते कुणीतरी चिकाटीने शिकवले म्हणून रुजले. क्रीडा विद्यापीठ इथे होणार म्हणून बरीच चर्चा झाली आणि 2020 साली कायदा झाला तो पुण्याच्या बालेवाडीसाठी, हे इथल्या क्रीडाप्रेमींचं जुनं दुखणं आहे. ते असो.

कॉलेजात मात्र खेळाचा म्हणून एकच माणूस असतो: शारीरिक शिक्षण संचालक. विद्यार्थी त्यांना नुसतं सर किंवा मॅडम म्हणतात. ही जागा मिळवायला एम.पी.एड.ला पंचावन्न टक्के, नेट किंवा सेट, स्वतः आंतरमहाविद्यालयीन किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळल्याचा दाखला, आणि वर धावण्याची चाचणी: तीस वर्षांपर्यंतच्या पुरुषाने बारा मिनिटांत 1800 मीटर, बाईने आठ मिनिटांत 1000 मीटर. इतकं करून माणूस जागेवर बसला की त्याच्या वाट्याला खो-खोपासून बुद्धिबळापर्यंत सगळे खेळ येतात. पात्रता फॉर्म, फोटोवर सही-शिक्का, प्रवासभत्त्याची बिलं, निवड चाचणीच्या तारखा, त्यात सत्र परीक्षा आडवी येते. एखादा खेळ त्यांना मनापासून येत असतो, तो ते उत्तम शिकवतात. बाकीच्या खेळांत संघ नेणं आणि आणणं एवढंच हातात उरतं. दोष त्यांचा नाही, एका माणसाने वीस खेळ शिकवावेत ही अपेक्षाच खुळी आहे.

प्रशिक्षक घडवणारी संस्था आपल्याकडे नाही असंही नाही. पटियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था 1961 सालची, एकेका खेळाचा पदविका अभ्यासक्रम तिथे आहे, सहा आठवड्यांचं प्रमाणपत्रही मिळतं. मेजर ध्यानचंद तिथे हॉकीचे मुख्य प्रशिक्षक होते. पण पटियाळाहून परतलेल्या पोराला कॉलेजात जागाच नसते. तो खासगी अकादमी काढतो, शाळेत तासिका तत्त्वावर लागतो किंवा खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून पोलिसात भरती होतो. ते आरक्षण चांगलंच आहे, त्याने कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. पण त्यात खेळाडूला नोकरी मिळते ती खेळ सोडून. विद्यापीठाचा कलरकोट मिळवलेली मुलगी तलाठी होते आणि तिने दहा वर्षांत कमावलेलं कसब पुढच्या मुलीपर्यंत पोचत नाही.

सहायकाची पायरी तयार करायला बर्फ लागत नाही आणि फार पैसेही लागत नाहीत. संस्थाचालकांना आणि प्राचार्यांना माझी विनंती एवढीच आहे: सगळे खेळ सोडा, आपल्या कॉलेजचा एकच खेळ निवडा. त्यातल्या आपल्याच एका माजी विद्यापीठ खेळाडूला मानधन देऊन संचालकांच्या हाताखाली सहायक नेमा. त्याच्या पटियाळाच्या अभ्यासक्रमाची फी संस्थेने भरावी आणि निदान पाच वर्षं त्याला हलवू नये. आणि ज्यांची मुलं आज संघात आहेत त्या पालकांनी पुढच्या प्रवेशाच्या वेळी कॉलेजात हे विचारावं की इथे आमच्या मुलीचा खेळ शिकवणारं कोण आहे.