बीडचे ऊसतोडकरी : एक अलिखित स्थलांतर

बीड जिल्ह्यांतून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेंच्या कुटुंबें ऊस तोडण्यास बाहेर पडतात व उन्हाळ्यांत परततात. इतक्या मोठ्या स्थलांतराचे कागद मात्र दफ्तरांत फार थोडे सांपडतात. तें कां घडतें व नेतृत्वानें त्यांत काय केलें, याचा विचार येथें करूं.

पहिलें कारण भूमीचें. बालाघाटावरील गांवें पर्जन्यछायेंत मोडतात. जमीन हलकी, विहिरींस पाणी थोडें. दुसरें कारण राज्यकारभाराचें. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. मुंबई राज्यांत तो १९५६ सालीं आला. तत्पूर्वींच, १९५० च्या सुमारास, विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें प्रवरेकांठीं सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता. पुढें पश्चिम महाराष्ट्रांत असे कारखाने वाढत गेले. तिकडे पाणी व भांडवल, इकडे रिकामे हात, असा योग जुळला. १९७२ च्या दुष्काळानें तो दृढ केला.

व्यवहार असा चालतो. कारखान्याकडून मुकादमास पैसा मिळतो, मुकादम मजुरास 'उचल' देतो, आणि मजूर ती हंगामभर राबून फेडतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. वहींत लिहिली जाते ती उचल. बायकोचे श्रम नवऱ्याच्या नांवाखालीं झांकले जातात.

पाथर्डीकडील बबनराव ढाकणे व परळीजवळच्या नाथ्रा गांवचे गोपीनाथ मुंडे (१९४९–२०१४) यांनीं या मजुरांची बाजू हातीं घेतली. संप झाले, लवाद बसले. जानेवारी २०२४ मध्यें तोडणीच्या दरांत ३४ टक्के वाढ मान्य झाली. हा लाभ खरा आहे. परंतु दर वाढला, तरी मजूर कोणाचा हा प्रश्न सुटला नाहीं. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम कारखान्याकडे. फडांत अपघात झाल्यास दाद मागण्यास कागद नसतो. नेतृत्वाची शक्ति दरावर वेंचली गेली व मूळ कारण जें पाणी तें मागें पडलें, असें आमचें मत आहे.

उचलीच्या चिठ्ठ्या व मुकादमांच्या वह्या हीच या इतिहासाचीं अस्सल साधनें होत. हिशेब मिटतांच तीं फाडलीं जातात. ज्या संग्राहकांच्या हातीं तीं येतील त्यांनीं तीं जपावीं, आणि त्यांत बायकोचें नांव कोठें आलें आहे काय, हें प्रथम पाहावें.