विश्लेषण : पोटात महिनाभर टिकणारी गोळी फुटत का नाही?

गोळी गिळली की काही तासांत ती पोटातून पुढे सरकते. मात्र, अमेरिकेतील एमआयटीचे प्रा. शुआनहे झाओ यांच्या पथकाने २०१९ मध्ये महिनाभर जठरात राहू शकणारी हायड्रोजेलची गोळी तयार केली. कशी, ते समजून घेऊ.

अडचण काय?

हायड्रोजेल म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारा मऊ पदार्थ. गोळी जठरात राहायची तर ती बाहेर जाण्याच्या वाटेपेक्षा मोठी व्हायला हवी, तीही लवकर. त्यात जठराचे स्नायू मिनिटाला जास्तीत जास्त तीनदा आकुंचन पावतात. म्हणजे दिवसाला ४,३२० आणि महिन्याला जवळपास १ लाख ३० हजार दाब! शिवाय आम्ल असतेच. एका दाबाने काही बिघडत नाही. पण तार वारंवार वाकवली की तुटते, तशीच बारीक चीर वाढत जाते. नेहमीचे जेल एक तर हळू फुगते, नाही तर फुगल्यावर ठिसूळ होते.

उपाय काय?

कल्पना सुचली ती केंड माशावरून. हा मासा झपाट्याने पाणी गिळून फुगतो आणि त्याची ताणली जाणारी कातडी त्याला सांभाळते. गोळीत बाळाच्या डायपरमध्ये असतात तसे पाणी शोषणारे कण असतात आणि बाहेर सच्छिद्र जेलचे आवरण. हे आवरण वारंवार गोठवून आणि वितळवून चिवट केले जाते. सुमारे १५ मिनिटांत गोळीचे आकारमान १०० पट होते. ती टेबल टेनिसच्या चेंडूएवढी फुगते. जठरापेक्षा जास्त जोराने हजारो वेळा दाबूनही ती टिकली. आवरणाला मुद्दाम चीर दिली, तरी ती वाढली नाही.

बाहेर कशी येणार?

कॅल्शियमचे द्रावण प्यायले की ती आकसते आणि शौचावाटे निघून जाते.

उपयोग काय?

डुकरांना दिलेल्या गोळ्यांतील सेन्सरने ३० दिवसांपर्यंत तापमान नोंदवले. पुढे औषध हळूहळू सोडणे किंवा अल्सरवर लक्ष ठेवणे शक्य होईल, अशी आशा आहे. पण डुकराच्या पोटात टिकली म्हणजे माणसासाठी सुरक्षित ठरली, असे नाही. फुगलेली गोळी आतड्यात अडकली तर जिवावर बेतू शकते. म्हणूनच इथे मजबुती हाच सुरक्षेचा प्रश्न आहे.