खोली एक, रंग अनेक

"घर लहान आहे, भिंती जुन्या आहेत, मोठे घर झाले की रंगाचे पाहू," हे वाक्य आम्ही अनेक घरांतून ऐकतो. खरे सांगायचे तर आमच्याही घरात ते कित्येक वर्षे बोलले गेले. म्हणूनच कॅनडातील मॉड लुईस या बाईंची हकिगत आमच्या भगिनींपुढे ठेवावीशी वाटते.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया हा प्रांत आहे. तेथे मॉडबाईंचा जन्म झाला. लहानपणीच संधिवात जडला. हाताची बोटे वाकडी झाली, हनुवटी छातीकडे झुकली. १९३८ साली मासे विकणाऱ्या एव्हरेट लुईस यांच्याशी लग्न होऊन त्या मार्शलटाऊन येथे आल्या. घर म्हणजे खाली एक खोली आणि वर झोपण्यापुरता माळा. लांबी-रुंदी साधारण १३ बाय १२ फूट. वीज नाही, नळ नाही.

बाईंना जड घरकाम झेपत नसे. स्वयंपाकपाणी पुष्कळसे एव्हरेटच पाहत. बाई खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसत आणि रंगवत. दारावर पक्षी आणि फुले आली. खिडकीच्या काचांवर ट्यूलिप फुलले. जिन्याच्या पायऱ्या, लोखंडी चूल, पावाचा डबा, एवढेच काय, केराची सुपलीसुद्धा सुटली नाही! घरांच्या व होड्यांच्या रंगकामातून उरलेला रंग एव्हरेट आणून देत. लाल, पिवळा, निळा, हिरवा. डब्यात असेल तसा भडक. फिके करून वापरण्याची गोष्ट नाही. तेथील हिवाळा लांब आणि बर्फाचा. बाहेर सारे पांढरे असताना या खोलीत मात्र बारा महिने वसंत होता.

आम्ही हिशेबाच्या कामातली माणसे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. बाई फळ्यांवर चित्रे काढून दारातच विकत. सुरुवातीला एका चित्राचे दोन-तीन डॉलर मिळत. पैशाचा व्यवहार नवऱ्याच्या हाती. १९७० साली बाई वारल्या, तेव्हाही घर तसेच होते, विजेवाचून आणि नळावाचून. २०२२ साली त्यांच्या एका चित्राला लिलावात साडेतीन लाख कॅनेडियन डॉलर आले. कष्ट कोणाचे आणि मोल कोणाच्या पदरात, हे वेगळे सांगायला नको.

१९७९ साली एव्हरेटही गेले आणि घर मोडकळीस आले. तेव्हा परिसरातील लोकांनी ते वाचवण्यासाठी संस्था काढली. १९८४ साली प्रांताच्या सरकारने घर विकत घेतले. आज हॅलिफॅक्सच्या कलादालनात ते अख्खे घर उभे आहे.

गरिबीत रंग शोभतात म्हणून गरिबी गोड मानावी, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. वीज, पाणी आणि कामाचा योग्य मोबदला हा माणसाचा हक्कच आहे. त्यासाठी भांडलेच पाहिजे. पण तोवर भिंती उदास का ठेवाव्यात? यंदा सगळे घर रंगवणे परवडत नसेल, तर एक दार रंगवा. फळीवरचे डबे रंगवा, ब्रश मुलांच्याही हाती द्या. घर भाड्याचे असले, तरी त्यात जाणारे दिवस आपले स्वतःचे असतात.