108 ला फोन करायची वेळ येण्याआधी गावातच काय करता येतं?

निफाड : थंडीत निफाडचा पारा घसरला की राज्यभर बातमी होते. पण त्याच थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतो आणि गोळ्या मध्येच सोडलेल्या माणसाला हार्ट अटॅक किंवा लकवा येण्याचा धोका वाढतो. त्याची बातमी होत नाही. घरचे धावपळ करून 108 ला फोन लावतात.

राज्यात 108 ची सेवा जानेवारी 2014 मध्ये 937 गाड्यांवर सुरू झाली. 2011 च्या जनगणनेची लोकसंख्या धरली तर एका गाडीच्या वाट्याला साधारण 1 लाख 20 हजार माणसं येतात. त्यातली एक गाडी पेशंट घेऊन नाशिकच्या सिव्हिलला गेली, की ती परत येईपर्यंत मागच्या गावांना लांबच्या गाडीची वाट बघावी लागते.

अमेरिकेत हीच अडचण अग्निशमन दलाला आली. तिथं बऱ्याच शहरांत तब्येतीसाठी फोन केला तरी बंबवालेच आधी पोहोचतात. आगीपेक्षा आजारपणाचेच फोन जास्त, आणि त्यातही काही घरं पुन्हा पुन्हा फोन करणारी. मग काही शहरांतल्या दलांनी फोनची वाट न बघता त्या घरी माणूस पाठवायला सुरुवात केली. तो बीपी-शुगर मोजतो, गोळ्या वेळेवर घेतात का बघतो, म्हातारं माणूस घसरून पडेल अशी जागा दाखवतो, डॉक्टरकडं नंबर लावून देतो. काम अगदी साधं आहे.

आपल्याकडं बंब यासाठी येणार नाही. पण या कामाची माणसं गावात आधीच आहेत. आशाताई घरोघर फिरून 30 वर्षांपुढच्यांची माहिती भरून घेतात. (त्यांना पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला मिळतो. एवढं तरी लक्षात ठेवून दारातून परत पाठवू नये.) उपकेंद्रात, म्हणजे आता आयुष्मान आरोग्य मंदिराची पाटी लागलेल्या इमारतीत, समुदाय आरोग्य अधिकारी बीपी आणि शुगर फुकट तपासतात. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 च्या पुढं वारंवार येत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर गोळी सुरू करतात. पुढच्या गोळ्या उपकेंद्रातूनच मिळतात, गरज पडली तर व्हिडिओ कॉलवर डॉक्टरशी बोलणंही करून देतात.

खरी अडचण गोळी सुरू झाल्यावर येते. महिनाभरात बरं वाटतं, मग छाटणीच्या नाहीतर कांदा लागवडीच्या गडबडीत गोळी सुटते. बीपी नॉर्मल आलाय तो गोळीमुळंच, हे घरात कोणीतरी सांगायला पाहिजे. उपकेंद्रात गोळ्या संपल्या असतील तर खंड न पाडता आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून आणाव्यात.

याचा अर्थ 108 ला फोन करायला कचरावं असा नाही. छातीत दाबल्यासारखं दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, फवारणीचं औषध पोटात जाणं : यातलं काहीही झालं तर लगेच 108. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. नुसता सल्ला हवा असेल तर 104 हा वेगळा नंबर आहे. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी 102.

उपकेंद्रात जाताना आधार कार्ड, जुनी चिठ्ठी आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्यावीत.