बटण बंद, पण पेटी जागी

घरांतील एखादें विजेचें यंत्र बिघडलें म्हणजे आपण पहिलें काम कोणतें करतों? बटण बंद करतों. आणि दुसरें? पेचकस शोधतों. या दोन कामांच्या मध्यें एक गोष्ट करावयाची राहून जाते; तिच्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. यंत्र बंद करणें ही एक क्रिया, आणि यंत्र निर्धोक करणें ही दुसरी. पहिली बटण करतें. दुसरी आपली आपणच करावी लागते. हा भेद मला किनवटच्या एका कारागिरानें शिकविला.

किनवट हें गांव नांदेड जिल्ह्याच्या टोंकाला, पैनगंगेच्या कांठीं, सागाच्या रानांनीं वेढलेलें आहे. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे, आणि आजहि तेथील बाजारांत मराठीबरोबर तेलुगु, गोंडी व बंजारा बोली कानीं पडतात. मराठवाड्याच्या इतर भागांपेक्षां येथें पाऊस अधिक. नांदेड शहर शंभराहून अधिक किलोमीटर दूर. म्हणून बिघडलेली वस्तु तेथवर नेण्यापेक्षां घरींच उघडून पाहावी, याकडे लोकांचा कल असणें स्वाभाविक आहे.

सुमारें २० वर्षांपूर्वीं, मृग नुकताच लागला असतां, मी तेथें एका शिक्षक स्नेह्यांकडे उतरलों होतों. रात्रीं विजांचा कडकडाट झाला आणि सकाळीं पाहतों तों घरांतील दूरचित्रवाणीचा संच मुका! कांचेच्या जड चित्रनलिकेचा, जुन्या पद्धतीचा तो संच होता. गुरुजींनीं कारागिराला बोलावणें धाडलें. पण धीर निघेना. त्यांनीं बटण बंद केलें, संच फिरविला, पाठीचे स्क्रू काढले, झांकण उतरविलें, आणि एका तारेकडे बोट नेणार इतक्यांत कारागीर दारांत येऊन उभा राहिला. तो ओरडला नाहीं. एवढेंच म्हणाला, "गुरुजी, बटण झोपलं, पेटी अजून जागी आहे."

मग त्यानें प्लग भिंतींतून ओढून काढला आणि सर्वांना दिसेल असा संचावर ठेवला. पिशवींतून १५ वॅटचा एक लहानसा दिवा बाहेर आला. त्याच्या होल्डरला दोन लांब तारा जोडलेल्या होत्या. डावा हात त्यानें पाठीमागें धरला. एका तारेचा चिमटा आंत एके जागीं अडकविला आणि दुसऱ्या तारेचें टोंक, रबरी मुठीला धरून, एका काळ्या डबीच्या पायाला टेंकविलें. दिवा क्षणभर लखकन् पेटला आणि विझला. प्लग तर संचावर, आमच्या डोळ्यांसमोर होता. तरी दिवा पेटला! गुरुजी कांहीं वेळ बोललेच नाहींत. त्यांचें बोट त्याच डबीकडे चाललें होतें.

ती वीज आली कोठून? त्या डबीला संधारित्र म्हणतात. दुकानांत तिचें नांव कंडेन्सर. टांकींत पाणी सांठावें तशी तिच्यांत वीज सांठते. तिचा पूर्वज १७४६ सालीं हॉलंडमधील लायडेन येथें प्रसिद्धीस आला. मुशेनब्रुक नांवाचे प्राध्यापक घर्षणयंत्राची वीज पाण्यानें भरलेल्या कांचेच्या बरणींत उतरवीत होते. एका हातांत बरणी असतांना दुसऱ्या हाताचा स्पर्श धातूला झाला, आणि त्यांचें सर्वांग हादरलें. फ्रान्सचें राज्य दिलें तरी हा प्रयोग पुन्हां करणार नाहीं, अशा अर्थाचें पत्र त्यांनीं पॅरिसच्या एका विद्वान् मित्राला लिहिलें. त्या बरणीचे वंशज आज आपल्या घरोघर नांदत आहेत : दूरचित्रवाणी-संचांत, संगणकांत, धुलाईयंत्राच्या पट्टींत, इतकेंच काय पण भ्रमणध्वनीच्या चार्जरमध्येंहि.

घरांतील वीज २३० व्होल्टांची, असें आपण म्हणतों. परंतु ती उलटसुलट वाहणारी असल्यामुळें प्रत्येक लाटेच्या शिखरावर दाब सुमारें ३२५ व्होल्टांपर्यंत चढतो, आणि संधारित्र या शिखराइतकें भरतें. २२० मायक्रोफॅरडचें संधारित्र असें भरलें, तर त्यांत सुमारें साडेअकरा ज्यूल शक्ति सांठते. एक किलोग्रॅम वजन सुमारें १.२ मीटर उंच उचलण्यास जितकी लागेल तितकी. ती फार वाटणार नाहीं. परंतु ती निमिषार्धांत मोकळी होते, आणि एका हातांतून शिरून दुसऱ्या हातानें बाहेर पडतांना तिची वाट छातींतून जाते. कारागिराचा डावा हात पाठीमागें कां होता, हें आतां ध्यानांत येईल.

येथें एक विलक्षण गोष्ट सांगितली पाहिजे. धडधाकट संच बंद केला, तर बहुधा त्यांतील संधारित्र लवकर रितें होतें. कारण संचाचे इतर भाग ती सांठलेली वीज ओढून घेतात. पण संच बिघडलेला असेल, तर ती ओढून घेणारें कोणीच उरत नाहीं. टांकी भरलेली आणि नळ तुंबलेला, अशी ती अवस्था. ती रिती व्हावी म्हणून कित्येक यंत्रांत एक रोधक जोडलेला असतो. परंतु तोहि जळूं शकतो. म्हणजे ज्या पेटीला उघडण्याची वेळ येते, तीच पेटी सर्वांत अधिक काळ जागी राहण्याचा संभव असतो. 'बिघडलेंच आहे, तें काय करणार?' हें आपलें बोलणें म्हणूनच उलटें आहे.

बटण फसवितें असे आणखी तीन प्रसंग आहेत. 

पहिला, तारांच्या अदलाबदलीचा. बटण हें जिवंत तारेवर असावें असा नियम आहे. जोडणी करणाऱ्यानें तें चुकून दुसऱ्या, म्हणजे न्यूट्रल तारेवर बसविलें, तर दिवा विझतो, पंखा थांबतो. परंतु यंत्राच्या आंतपर्यंत वीज आलेलीच असते. दोन पायांचा प्लग उलटा बसला तरी यंत्राच्या स्वतःच्या बटणाच्या बाबतींत तेंच घडतें. प्लग हातांत आला म्हणजे मात्र या शंकेला जागा उरत नाहीं.

दुसरा, इन्व्हर्टरचा. भारनियमनाच्या दिवसांपासून मराठवाड्यांतील पुष्कळ घरांत इन्व्हर्टर आला. मुख्य खटका खालीं केला म्हणजे घर निर्जीव झालें, अशी आपली समजूत असते. पण त्याच क्षणीं इन्व्हर्टर जागा होतो आणि आपल्या वाट्याच्या तारांत तितकीच प्राणघातक वीज सोडूं लागतो. म्हणून भिंतींतील जोडणीला हात लावण्यापूर्वीं इन्व्हर्टरहि बंद करून त्याचा संबंध तोडला पाहिजे.

तिसरा प्रसंग कूलरचा. आपल्याकडील उन्हाळ्यांत कूलर ही चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. पण पत्र्याची पेटी, आंत पाणी, पाण्यांत बुडालेला पंप, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभें राहून पाणी भरणारें घरांतील माणूस, असा हा योग आहे. पंपाच्या तारेचें आवरण फाटलें कीं सगळा पत्रा जिवंत होतो. अशा वेळीं तिसरी तार, म्हणजे अर्थिंग, ती वीज जमिनींत नेते. तीन पायांच्या प्लगचा जाड व लांब पाय तिचाच. लांब अशासाठीं कीं, प्लग घालतांना तो आधीं जोडला जावा आणि काढतांना शेवटीं सुटावा. दोन भोंकांच्या जागेंत बसत नाहीं म्हणून तो पाय मोडणें, म्हणजे घराला कुलूप बसत नाहीं म्हणून दारच काढून ठेवणें होय. कूलरमध्यें पाणी भरावयाचें तें प्लग काढून आणि पायांत कोरडी चप्पल घालून.

किती विजेनें माणूस दगावतो? एक मिलिअँपिअर प्रवाहानें मुंग्या येतात. सुमारें दहांच्या पुढें स्नायु आंवळले जातात आणि धरलेली तार सोडूं म्हटलें तरी सुटत नाहीं. त्याहून अधिक प्रवाह छातींतून कांहीं काळ गेला, तर हृदयाचा ठोका विस्कळित होऊन मृत्यु ओढवूं शकतो. नऊ वॅटचा एक साधा एल.ई.डी. दिवा सुमारें ४० मिलिअँपिअर घेतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे 'थोडासा करंट' या शब्दांचा अर्थ कळेल. कातडी कोरडी असेल तर ती बरीच अडवणूक करते. घामानें किंवा पावसानें ओली झाली कीं ती अडवणूक फार कमी होते.

या धोक्यावर एक चांगला पहारेकरी उपलब्ध आहे : आर.सी.सी.बी. नांवाचा खटका. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांचा हिशेब तो सतत ठेवतो, आणि ३० मिलिअँपिअरची तूट दिसण्यापूर्वींच किंवा दिसतांच पुरवठा तोडतो. त्यावरील चांचणीचें बटण अधूनमधून दाबून पाहावें. परंतु त्यालाहि मर्यादा आहेत. प्लग काढलेल्या संचांतील संधारित्राची वीज त्याच्या हिशेबांत येतच नाहीं. आणि एका हाताला एक व दुसऱ्या हाताला दुसरी तार लागली, तर गेलेली वीज परत आलीच असें त्याला दिसतें.

मग घरीं कांहींच करूं नये कीं काय? तसें मुळींच नाहीं. प्लग काढून, यंत्र थंड झाल्यावर, बाहेरून धूळ झाडावी. तार चिरली आहे काय, प्लग काळवंडला आहे काय, हें पाहावें आणि असल्यास तार बदलून घ्यावी; चिकटपट्टी गुंडाळून भागवूं नये. वितळतार गेली तर तितक्याच शक्तीची दुसरी घालावी. जाड तार घालणें म्हणजे पहारेकऱ्यालाच बांधून ठेवणें. मेघगर्जना ऐकूं येऊं लागली कीं संचाचा प्लग आणि छतावरून आलेली तार, दोन्ही काढून ठेवावीं. रिमोटमधील जुने सेल पाझरण्यापूर्वीं काढावे. भ्रमणध्वनीची बॅटरी फुगली, तर ती दाबूं नये, टोंचूं नये, चार्ज करूं नये.

परंतु दोन पेट्यांचें झांकण घरच्या माणसानें कधींहि उघडूं नये. एक, जुनी चित्रनलिका असलेला संच. रंगीत नलिकेंत २० हजार व्होल्टांहून अधिक दाब असतो, आणि नलिकेची कांच स्वतःच एक संधारित्र बनून तो धरून ठेवते. दुसरी, मायक्रोवेव्ह भट्टी. तींतील संधारित्र दोन हजार व्होल्टांहून अधिक दाबाचें असतें, आणि त्याच्या मागें असलेला रोहित्र प्राण घेण्याइतका प्रवाह सहज पुरवितो. किनवटच्या कारागिराची दिव्याची युक्ति मीं वर्णिली, ती समजण्यासाठीं. करून पाहण्यासाठीं नव्हे. ती शिकलेल्या हातांची आहे, आणि नलिकेंतील व भट्टींतील उच्च दाबाला ती लागूहि पडत नाहीं.

इतकेंहि करून अपघात घडलाच तर? चिकटलेल्या माणसाला हातानें ओढूं नये. ओढणारा त्याच्याबरोबर जातो. आधीं मुख्य खटका आणि इन्व्हर्टर बंद करावा. तें शक्य नसेल तरच, कोरड्या जागीं उभें राहून, कोरड्या लांकडानें तार दूर सारावी. एकानें १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. माणूस शुद्धीवर नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर त्याच्या छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळहात ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळां, सुमारें पांच सेंटिमीटर खोल दाबीत राहावें. मदत पोंचेपर्यंत थांबूं नये. ही रीत १९६० सालीं अमेरिकेंत ज्या तिघांनीं प्रसिद्ध केली, त्यांतील कौवेनहोव्हन हे डॉक्टर नसून विद्युत् अभियंते होते. विजेच्या धक्क्यानें थांबणाऱ्या हृदयाचा अभ्यास त्यांनीं पुष्कळ वर्षें केला होता.

किनवटचा तो संच त्या दिवशीं दुपारीं बोलूं लागला. पुढें गुरुजींच्या घरीं एक शिरस्ता पडला. मिक्सर असो, इस्त्री असो, पंखा असो. दुरुस्तीला घेतलेल्या वस्तूचा प्लग तिच्या माथ्यावर ठेवलेला असे. मुलांनीं कारण विचारलें म्हणजे गुरुजी म्हणत, "पेटी झोपली कीं नाहीं तें आपल्याला सांगतां येत नाहीं, पण दार लावलें आहे, एवढें तरी डोळ्यांना दिसावें." श्रोतेहो, आपल्याहि घरांत प्लग डोळ्यांसमोर आल्याखेरीज कोणत्याहि पेटीचा स्क्रू सैल होऊं नये, आणि झांकणाच्या आंत काय जागें आहे हें ठाऊक नसेल तर तो स्क्रू तसाच राहूं द्यावा, इतकीच विनंति आहे.