गरज सरो, वैद्य मरो! कात्रीच्या हातांच्या एडवर्डवरून प्रेक्षकांत आजही दोन गट का?

परीकथा म्हटली की राजवाडा, राक्षस आणि शेवटी लग्न ठरलेलं. पण 1990 च्या डिसेंबरात अमेरिकेत एक अशी परीकथा पडद्यावर आली, जिच्यात वाडा आहे, वाड्यात राहणारा विचित्र प्राणीही आहे, मात्र राक्षस कोण याचं उत्तर प्रेक्षकालाच शोधावं लागतं. चित्रपटाचं नाव 'एडवर्ड सिझरहँड्स'. दिग्दर्शक टिम बर्टन. तीन दशकं उलटून गेली, तरी या चित्रपटावर बोलणं थांबलेलं नाही. कुणी रडतं, कुणी वैतागतं, कुणी म्हणतं शेवटच चुकला. एवढा वाद कशावरून? समजून घेऊया.

गोष्ट काय आहे?

एका टेकडीवर जुना, काळपट वाडा. तिथे एका म्हाताऱ्या संशोधकाने माणूस घडवायला घेतलेला असतो. डोकं झालं, धड झालं, काळीज झालं. फक्त हात बसवायचे राहिलेले. तोवर तात्पुरत्या कात्र्या आणि पाती. नेमके हात बसवायच्या वेळी म्हातारा कोसळतो आणि जागीच जातो. एडवर्ड अर्धवट राहतो, वाड्यात एकटाच.

टेकडीच्या पायथ्याशी एक कॉलनी. सगळी घरं एकसारखी, कुणाचं फिकट गुलाबी, कुणाचं पिस्ता, कुणाचं पिवळं. तिथली पेग बॉग्ज ही एव्हॉन कंपनीची सौंदर्यप्रसाधनं दारोदार विकते. त्या दिवशी कुठेच विक्री होत नाही, म्हणून ती थेट वाड्यावर जाते. एडवर्डला पाहून आधी घाबरते, पण त्याच्या चेहऱ्यावरचे, स्वतःच्याच पात्यांनी झालेले वण पाहून तिला माया वाटते. ती त्याला गाडीत घालून घरी आणते.

पुढे एडवर्ड झुडपं छाटून त्यांचे प्राणी आणि माणसं बनवतो, कुत्र्यांचे केस कापतो, मग बायकांचे. सगळी कॉलनी त्याच्या मागे लागते. पेगची मुलगी किम त्याला आवडायला लागते. किमचा मित्र जिम मात्र त्याला चोरीत अडकवतो आणि तिथून वारं फिरतं. कालपर्यंत आग्रहाने जेवायला बोलावणारे लोक त्याच्या जिवावर उठतात.

एडवर्ड झालाय जॉनी डेप, किम झालीय विनोना रायडर, पेगच्या भूमिकेत डायॅन वीस्ट. संशोधकाचं काम भयपटांचे जुने नामवंत नट व्हिन्सेंट प्राइस यांनी केलं. मोठ्या पडद्यावरची त्यांची ही अखेरच्या भूमिकांपैकी एक, 1993 मध्ये ते गेले. पटकथा कॅरोलाइन थॉम्पसन यांची, संगीत डॅनी एल्फमन यांचं. सुमारे 2 कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात साडेआठ कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली. रंगभूषेसाठी ऑस्करचं नामांकनही मिळालं.

पहिलं मत: 'बिचाऱ्याचं काय चुकलं?'

बहुतेक प्रेक्षक एडवर्डच्या बाजूने आहेत. त्याची कारणंही सरळ आहेत. हा मुलगा खोटं बोलत नाही, कुणाचं वाईट चिंतत नाही. संवाद तर इतके कमी की डेपने जवळजवळ सगळी भूमिका डोळ्यांनी केली आहे.

जेवणाच्या टेबलावर पेगचा नवरा बिल त्याला नीतीचा धडा देतो. पैशांनी भरलेली बॅग सापडली तर काय करशील? एडवर्ड म्हणतो, आपल्या माणसांना वस्तू घेऊन देईन. घरातले हसतात, पोलिसांकडे द्यायला हवी म्हणून समजावतात. किम तेवढी म्हणते, त्याचंही म्हणणं चांगलंच आहे की. नियम माहीत नसलेला, पण मन साफ असलेला माणूस म्हणजे काय, ते या एका प्रसंगात कळतं.

शाळेत, कामावर किंवा लग्न होऊन नव्या गावात गेल्यावर ज्यांनी परकेपण सोसलं, त्यांना एडवर्ड आपला वाटतो. काहींना त्यात अपंगांचं जगणं दिसतं, काहींना कलावंताचं. जवळ घ्यावं तर माणसाला जखम होते, म्हणून ज्याला हातच लावता येत नाही, असा तो नायक आहे. बर्टन स्वतः कॅलिफोर्नियातल्या बरबँक इथे वाढले. बोटांच्या जागी पाती असलेल्या माणसाचं चित्र त्यांनी पोरवयातच काढलं होतं. त्यामुळे ही त्यांची स्वतःचीच गोष्ट असल्याचं अनेक जण मानतात.

दुसरं मत: 'शेजाऱ्यांच्या जागी तुम्ही असता तर?'

दुसरा गट कमी आहे, पण त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. कात्र्या त्या कात्र्याच. एडवर्डचा हेतू चांगला असला तरी त्याच्या हातून रक्त निघतंच. बर्फाची मूर्ती कोरताना जिम ओरडतो, एडवर्ड दचकून वळतो आणि किमचा हात कापला जातो. भरधाव गाडीखाली येणाऱ्या लहानग्या केव्हिनला तो वाचवतो, पण त्याच झटापटीत मुलाच्या तोंडावर ओरखडे उठतात. रस्त्यावर उभ्या लोकांना गाडी दिसत नाही, फक्त मुलावर झुकलेली पाती दिसतात. आपल्या लेकराच्या अंगावर कुणी पाती घेऊन वाकलाय म्हटल्यावर कोण शांत राहील, असा या मंडळींचा प्रश्न.

कॉलनीतली माणसं फारच एकसुरी रंगवलीत, ही दुसरी तक्रार. सगळ्या बायका चोंबड्या, जिम पूर्ण दुष्ट, एक बाई सतत देवाच्या कोपाची भीती घालणारी. खऱ्या वस्तीत बरी माणसंही असतात, ती कुठे गेली?

या आक्षेपाला चित्रपटात थोडंसं उत्तर आहे. पेगचं घर आहे, आणि एक पोलीस अधिकारी आहे, ॲलन नावाचा. जमाव मागे लागलेला असताना तो एडवर्डला वाड्यापर्यंत पळू देतो, हवेत गोळ्या झाडतो आणि लोकांना सांगतो की संपलं, आता घरी जा. पण जमाव काही घरी जात नाही.

शेवटावरून खरी जुंपते

वाड्यात जिम पिस्तूल घेऊन येतो, एडवर्डला मारहाण करतो, किमवरही हात उगारतो. तेव्हा एडवर्ड त्याला भोसकतो आणि जिम खिडकीतून खाली पडून मरतो. किम खाली येऊन जमावाला सांगते की दोघेही मेले, आणि पुरावा म्हणून वाड्यातला कात्रीचा जादा पंजा दाखवते. लोक परततात. एडवर्ड कायमचा वाड्यात राहतो. म्हातारी झालेली किम नातीला सांगते की, तो या गावात येण्याआधी इथे कधी बर्फ पडत नव्हता, आता पडतो. वर वाड्यात तो बर्फाच्या मूर्ती कोरतो, त्याचाच चुरा खाली येतो.

अमेरिकेतले नामवंत समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चित्रपटाला चारपैकी दोनच तारे दिले होते आणि शेवटाबद्दल नाराजी नोंदवली होती. इतक्या नाजूक गोष्टीचा निकाल शेवटी नेहमीच्या मारामारीने का लावायचा, ही तक्रार आजही अनेक प्रेक्षक करतात. आयुष्यभर कुणाला मुद्दाम न दुखावलेला एडवर्ड खून करतो, हे त्यांना पटत नाही.

दुसरा प्रश्न त्याहून जास्त विचारला जातो. किम पुन्हा वर का गेली नाही? वाडा डोळ्यांसमोर, दार उघडं, प्रेम खरं. मग? म्हातारी किम सांगते की, त्याने आपल्याला जशी होते तशीच लक्षात ठेवावं. काहींना हे उत्तर हळवं वाटतं, तर काहींना पळवाट. तो जिवंत असल्याचं कळलं तर जमाव पुन्हा येईल, म्हणून ती गेली नाही, असंही काही जण समजतात.

वादात सुटणारा मुद्दा

हा वाद बहुतेक वेळा एकाच जागी अडकतो. लोक एडवर्डच्या विरोधात कधी गेले? चोरी झाली तेव्हा, मूल जखमी झालं तेव्हा, असं उत्तर येतं. पण चित्रपट नीट पाहिला तर त्याच्या चांगल्या दिवसांतलेच तीन प्रसंग वेगळं सांगतात.

पहिला, मोबदल्याचा. एडवर्ड सगळ्यांची कामं करतो आणि बदल्यात त्याला खाऊ मिळतो. बिस्किटांवर गरजा भागत नाहीत, हे बिललाच त्याला सांगावं लागतं.

दुसरा, बँकेचा. केस कापण्याचं दुकान टाकायला तो कर्ज मागतो. हाताला कसब, दारात गिऱ्हाइकांची रांग. तरी कर्ज नाकारलं जातं. कारण त्याच्या नावावर आधीचं कर्ज नाही, नोकरीची नोंद नाही, मालमत्ता नाही. कागदावर तो माणूसच नाही. वर, गाडी लावण्याची अपंगांसाठीची सवलत मिळेल, एवढी सोय सुचवली जाते.

तिसरा, टीव्हीच्या कार्यक्रमाचा. प्रेक्षकांतून एक बाई म्हणते की, तुला साधे हात आले तर तू इतरांसारखाच होशील, मग तुझं वेगळेपण काय राहिलं? पेग सांगते, माझ्यासाठी तो तरीही खासच असेल. अख्ख्या गर्दीत असं म्हणणारी ती एकटीच.

म्हणजे कॉलनीने एडवर्डला आपलं मानलं आणि मग टाकलं, असं झालंच नाही. आपलं कधी मानलंच नव्हतं. झुडपं छाटून हवी होती, केस कापून हवे होते आणि रोजच्या कंटाळ्यात नवी गंमत हवी होती. कौतुक मिळालं, जेवणाची आमंत्रणं मिळाली. मजुरी, पत आणि संशयाचा फायदा मात्र मिळाला नाही. आपल्या माणसाची पहिली चूक 'चूक' असते, परक्याची पहिली चूक 'पुरावा' ठरते. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण चित्रपट दीड-पावणेदोन तासांत जिवंत करून दाखवतो.

म्हणूनच कात्र्या धोकादायक होत्या, हा दुसऱ्या गटाचा मुद्दा खरा असूनही पुरत नाही. त्या पहिल्या दिवसापासून तितक्याच धारदार होत्या. केस कापून घेताना त्याच पात्यांपुढे बायकांनी निर्धास्त मान दिली होती. धार बदलली नाही, पाहणाऱ्यांची नजर बदलली.

हे राजवाड्यात नाही, रंगीत घरांत घडतं

जुन्या परीकथांत राक्षसाचा शेवटी राजकुमार होतो, तेव्हा कुठे त्याला राजकन्या मिळते. इथे एडवर्डला शेवटपर्यंत हात मिळत नाहीत. त्याने बदलावं, मग स्वीकारू, ही अट चित्रपट मान्य करत नाही. म्हणून तो गोड शेवट देत नाही, आणि म्हणून अनेकांना चुटपुट लागून राहते.

फ्लोरिडात टँपा शहराजवळच्या लुट्झ भागातल्या खऱ्याखुऱ्या वस्तीत हे चित्रीकरण झालं. राहत्या घरांना तेवढ्यापुरते फिकट रंग दिले होते, काम संपल्यावर ते पुन्हा बदलले. गोष्ट मात्र टिकली. 2005 मध्ये इंग्लंडचे नृत्यदिग्दर्शक मॅथ्यू बोर्न यांनी ती एकही संवाद न ठेवता नृत्यनाट्य म्हणून रंगमंचावर आणली.

चित्रपट मुलांसोबत पाहता येतो. शेवटची मारामारी आणि जॉइस नावाच्या शेजारणीचे लगट करण्याचे प्रसंग थोडे जपून. पाहून झाल्यावर मुलं बहुधा विचारतील, किम परत का गेली नाही? त्याआधी मोठ्यांनी एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलेलं बरं: एडवर्ड आपल्या गल्लीत राहायला आला असता, तर त्याच्या कामाचे पैसे कुणी दिले असते?