पोत्याची ओळख आणि व्यापाऱ्याची पत

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे नागझिऱ्याच्या जंगलालगतचे गाव. या भागाचे मुख्य पीक धान. समजा, येथील धानाचे पोते तिरोड्याच्या व्यापाऱ्याकडे गेले, तेथून गोंदियाच्या राईस मिलमध्ये आणि तांदूळ होऊन परगावच्या घाऊक बाजारात. तेथे एका पोत्यात खराब माल निघाला, तर तो कोणाचा हे कसे सांगणार? सांगता आले नाही तर सगळी गाडीच नाकारली जाऊ शकते आणि ईमानदार माणूसही त्यात भरडला जातो. बारकोडचा विचार आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी या दृष्टीने करावा, असे आम्हाला वाटते.

आज रूढ असलेल्या पद्धतीचा बारकोड २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील ट्रॉय येथे एका दुकानात प्रथम वाचला गेला. वस्तू होती च्युइंग गम. भारतात जीएस वन इंडिया ही संस्था हे क्रमांक देते. ८९० ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे माल भारतात बनला, असा समज आहे. प्रत्यक्षात त्यावरून क्रमांकाची नोंदणी या संस्थेकडे झाली एवढेच कळते. शिवाय साध्या बारकोडवरून फक्त मालाचा प्रकार समजतो. एकाच साबणाच्या हजार वड्यांवर एकच क्रमांक असतो. माग काढायचा तर प्रत्येक नगाला वेगळा अनुक्रमांक हवा आणि माल हात बदलेल तेथे त्याची नोंद हवी.

आपल्या राज्यात याचा धडा द्राक्ष बागायतदारांनी घेतला. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले. त्यानंतर २००६ मध्ये अपेडाने ग्रेपनेट ही व्यवस्था सुरू केली. प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक मिळाला आणि तपासणी, पॅकिंग व निर्यात यांच्या नोंदी त्या क्रमांकाशी जोडल्या गेल्या. तरीही २०१० मध्ये एका वाढ-नियंत्रक रसायनाच्या अंशामुळे माल युरोपात अडकला, कारण ते रसायन तपासणीच्या यादीतच नव्हते. क्रमांक मालाचा रस्ता दाखवतो. मालाची तपासणी मात्र माणसांनाच करावी लागते.

सराफी कारागिरांसाठी ही गोष्ट नवी नाही. १ जुलै २०२१ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर अक्षरे व अंक मिळून सहा स्थानांचा स्वतंत्र क्रमांक येऊ लागला. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. ग्राहक बीआयएस केअर या मोबाईल ॲपवर तो क्रमांक टाकून दागिन्याची शुद्धता आणि तो कोणत्या केंद्रात तपासला गेला, हे पाहू शकतो.

धानाची अडचण वेगळी आहे. दागिना दागिनाच राहतो. मिलमध्ये मात्र अनेक गावांचे धान एकत्र होते आणि तेथेच माग तुटतो. म्हणून माल मिसळला जातो त्या ठिकाणची नोंद सर्वांत महत्त्वाची. कोणत्या दिवशी कोणाकडून आलेली किती पोती एका घाण्यात गेली आणि त्यातून निघालेल्या पोत्यांवर कोणता लॉट क्रमांक पडला, हे लिहिलेले असावे. याला महागडे यंत्र लागत नाही. साधी वही आणि पोत्याला बांधलेली चिठ्ठी येथून सुरुवात करता येते. बारकोड नंतर लावता येईल. वहीच नीट नसेल तर बारकोड लावूनही काही हाती लागणार नाही.

पवित्र कुरआनच्या सूरह बकरामध्ये (आयत २८२) उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवून देणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांची घटनाही आपल्याला ठाऊक आहे. ओला माल वर ठेवा, म्हणजे लोकांना तो दिसेल, हीच त्यांची शिकवण होती. मालाचा माग खुला ठेवणे हे त्याच शिकवणीला धरून आहे. आमच्या बांधवांनी कायद्याच्या सक्तीची वाट न पाहता येत्या हंगामापासूनच ही सवय लावून घ्यावी.